एजियन समुद्र, उत्तरेचा वारा आणि रद्द झालेली बंदरं

ऑगस्टमध्ये ग्रीक बेटांची क्रूझ करून आलो. आई-बाबा, मी, नवरा, आमची लेक आणि म्युनिकहून आलेले भाऊ-वहिनी. भावाला सुट्टी ऑगस्टमध्येच मिळते म्हणून ऑगस्ट. ठरलेल्या बंदरांपैकी मिकोनोस आणि सँटोरिनी ही दोन वाऱ्यामुळे रद्द झाली, म्हणजे बहुतेक लोक ज्या दोन बेटांसाठी ही ट्रिप बुक करतात नेमकी तीच. घरी आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, मग पैसे पाण्यातच गेले की. तर अजिबात नाही गेले. पण काही गोष्टी आधीच माहीत करून घेतल्या होत्या म्हणून नाही गेले, आणि आमच्याच जहाजावर असे लोक होते ज्यांची पूर्ण ट्रिप चिडचिडीत गेली. म्हणून जरा सविस्तर दिवसवार लिहितेय, कोणी जाणार असेल तर उपयोग होईल.

एक सांगायचं राहिलं, बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक, सगळी नोकरी मालवण भागात. ज्वालामुखीचं तोंड खचून कॅल्डेरा कसा होतो हे फळ्यावर त्यांनी कितीतरी बॅचेसना काढून दाखवलंय आणि सँटोरिनीचा कॅल्डेरा डोळ्यांनी बघायचा ही त्यांची फार जुनी इच्छा. त्यामुळे आमच्यासाठी सँटोरिनी म्हणजे पांढऱ्या-निळ्या घरांचे फोटो नव्हते, बाबांचा धडा होता.

शनिवार – पिरेयस

अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची निळी लाईन आता थेट पिरेयसपर्यंत जाते, तासाभरात पोचलो. पिरेयस बंदर मात्र अवाढव्य आहे, फेऱ्यांचे धक्के वेगळे, क्रूझचे टर्मिनल वेगळे, स्टेशनपासून आई-बाबांना उन्हात चालवणं शक्य नव्हतं म्हणून तेवढ्यापुरती टॅक्सी केली.

व्हिसाचं इथेच सांगून टाकते. मधे टर्की येतं त्यामुळे शेंगेन मल्टिपल एंट्रीच पाहिजे, सिंगल एंट्री असेल तर ग्रीसमधून टर्कीला गेलात की तो व्हिसा संपला, परत ग्रीसमध्ये कसे शिरणार. शिवाय टर्कीचा ई-व्हिसा वेगळा काढला.

बुकिंग करायच्या आधी भावाने आणि मी बसून एक काम केलं होतं, प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागतं की टेंडर आहे ते बघितलं. टेंडर म्हणजे जहाज बाहेर पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. टर्कीतलं कुशादासी, मग रोड्स, हेराक्लिऑन इथे धक्का आहे, जिन्यावरून खाली उतरलं की जमीन. मिकोनोसला तुर्लोसचा नवीन धक्का आहे, पण बेटच वाऱ्याचं म्हणून प्रसिद्ध. सँटोरिनीला मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नाही, तिथे टेंडरशिवाय मार्ग नाही. म्हणजे कागदावर जरी सगळी बंदरं सारखी छापलेली असली तरी खात्री सारखी नसते. आम्ही बाबांना घरीच सांगून ठेवलं होतं की सँटोरिनी होईलच असं धरून चालू नका. बाबा म्हणाले, "अगं मी मालवणचा आहे, मला काय सांगतेस. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात तेव्हा लोक पुण्याहून येऊन परत जातात."

केबिन घेतानाही उंच बाल्कनीच्या मोहात न पडता आई-बाबांना खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध घेतली. जहाज हलतं तेव्हा टोकांना आणि वर जास्त जाणवतं, मध्यावर खाली सगळ्यात कमी. पुढे ह्याचा फार फायदा झाला.

केबिन साफ करणारा मुलगा मडगावचा निघाला, बाबांचं मालवणी आणि त्याची कोकणी, दोघांची गट्टीच जमली. त्यानेच संध्याकाळी हळूच सांगितलं की काका, उद्या वारं फार आहे, मिकोनोस बहुतेक होणार नाही. जहाजावर अधिकृत घोषणा तोपर्यंत काहीच नव्हती.

रविवार – मिकोनोस (रद्द)

सकाळी जाग आली ती कपाटातल्या हँगरच्या आवाजाने. बाहेर बघितलं तर लख्ख ऊन, आकाशात एक ढग नाही, समुद्र गडद निळा आणि त्यावर सगळीकडे पांढरे फेसाचे तुरे. लांबवर मिकोनोस दिसत होतं, पांढरी घरं अगदी स्पष्ट. आठ वाजायच्या आत कॅप्टनची घोषणा झाली. वारा चाळीस नॉट्सच्या जवळ, झोत त्याहून वर, धक्क्याला लागणं सुरक्षित नाही, आजचा दिवस समुद्रात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे ताशी सत्तरच्या वरचा वारा.

आईला पटेचना. "एवढं छान ऊन पडलंय, खराब हवामान कुठाय?" आणि ती एकटी नव्हती, रिसेप्शनपुढे जी रांग लागली तिथे निम्मे लोक हेच विचारत होते. आपल्या डोक्यात खराब हवामान म्हणजे काळे ढग, पाऊस, विजा. एजियनमध्ये उन्हाळ्यात तसं नसतं. तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा असतो, मे ते सप्टेंबर, जोर जुलै-ऑगस्टमध्ये, एकदा सुरू झाला की काही दिवस थांबत नाही आणि आकाश निरभ्र ठेवूनच वाहतो. बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानच्या पठारावर कमी, त्यामुळे मधल्या एजियनच्या पट्टीतून हवा दक्षिणेकडे घुसते.

बाबा नाश्त्याला चहाचा कप पुढ्यात घेऊन भाच्यांना शिकवावं तसं आम्हाला शिकवायला लागले. तो तुर्कस्तानवरचा कमी दाबाचा पट्टा एकटा नाही, तो इराण-पाकिस्तानवरून आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याला जोडलेला असतो. म्हणजे मालवणात ज्या काळात पावसामुळे होड्या बंद असतात त्याच काळात इकडे ह्या वाऱ्यामुळे बोटी बंद पडतात, आणि दोघांचं मूळ एकमेकांत अडकलेलं. मला हे ऐकून खरंच अंगावर काटा आला. आपण एवढ्या लांब आलो आणि आपलाच पावसाळा दुसऱ्या रूपात इथे आडवा आला.

"हा आपला तीन नंबरचा बावटा समज," बाबा म्हणाले. बंदरावर बावटा चढला की कोळी होडी घालत नाही, त्यावर कोणी वाद घालत नाही. मग इथे एवढे लोक कॅप्टनशी वाद का घालतायत हे त्यांना कळेना.

अकराच्या सुमाराला थिएटरमध्ये जहाजाच्या एका अधिकाऱ्याने ह्याच विषयावर बोलायचं ठरवलं होतं, प्रश्नोत्तरं होती, आम्ही सगळे गेलो आणि माझ्या मते पूर्ण ट्रिपमधला हा सगळ्यात चांगला तास होता. त्याने सांगितलं ते असं. जहाज जवळजवळ तीनशे मीटर लांब आणि पाण्याच्या वर दहा-बारा मजले. म्हणजे बाजूने बघितलं तर दहा हजार चौरस मीटरच्या आसपासची सपाट भिंत. पस्तीस नॉट्सचा वारा ह्या भिंतीवर आडवा आला की ढकलण्याचा जोर दोनशे टनांच्या घरात जातो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. खोल समुद्रात ह्याने काही बिघडत नाही, जहाज वेगात असतं, सुकाणू काम करतं. पण धक्क्याला लावताना वेग जवळपास शून्यावर आणावा लागतो आणि मग जहाज बाजूला सरकवायला असतात ते थ्रस्टर, त्यांची ताकद ठरलेली. वाऱ्याचा जोर त्याच्या वर गेला की जहाज हातात राहत नाही. मोठ्या बंदरात ताकदवान टग, म्हणजे जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी, मदतीला असतात, छोट्या बेटांवर तसे हाताशी नसतात. शिवाय नुसतं लागून उपयोग नाही, संध्याकाळी निघताही आलं पाहिजे. वारा वाढला आणि निघता आलं नाही तर पुढची सगळी बंदरं गेली.

त्यानंतर रांगेतली बरीच माणसं शांत झालेली दिसली. माझं तर म्हणणं आहे की हे प्रत्येक जहाजावर पहिल्या संध्याकाळीच सांगायला पाहिजे, लोकांना कारण कळलं की निम्मा राग जातो.

पैशांचं म्हणाल तर जहाजाकडून बुक केलेल्या टूरचे पैसे आपोआप खात्यावर परत आले, अर्ज वगैरे काही नाही. त्या बंदराचे टॅक्स आणि फी पण परत. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझने येणाऱ्यांवर वेगळी फी लावलीये, मिकोनोस आणि सँटोरिनीला उन्हाळ्याच्या सीझनमध्ये माणशी २० युरो, ती पण परत आली. मात्र क्रूझच्या भाड्यातलं काही मिळत नाही, तिकिटाच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरक्षेसाठी कॅप्टन मार्ग बदलू शकतो. आमच्या टेबलावर नाशिकचं एक जोडपं होतं, त्यांनी बीचवरच्या एका ठिकाणी जेवण आणि खुर्च्या बाहेरून बुक केलेल्या, पैसे परत न मिळणाऱ्या अटीवर, ते गेले. आम्ही मिकोनोसला काहीच बुक केलं नव्हतं, शेजारच्या डेलॉसला, प्राचीन अवशेषांच्या बेटावर, जायचं मनात होतं पण तिथे गेल्यावरच बघू म्हटलेलं. डेलॉसच्या बोटी पण त्या दिवशी बंदच होत्या, म्हणजे आम्ही बेटावर हॉटेलात राहिलो असतो तरी डेलॉस झालं नसतं.

दुपारी वरचा उघडा डेक बंद, स्विमिंग पूलवर जाळी, लिफ्टशेजारी कागदी पिशव्या लावून ठेवलेल्या. वहिनीला त्रास झाला, अवोमिन घेतली आणि झोपली. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर काही उपयोग नाही. आईने घरून आलेपाक आणला होता तो सगळ्यांना पुरला, शेजारच्या केबिनमधल्या एका इटालियन आजींनाही दिला, त्यांनी दुसऱ्या दिवशी परत मागितला. लेकीला भावाने चॅलेंज आणि मेंढीकोट शिकवला. संध्याकाळी खालच्या डेकवर एका कोपऱ्यात जिथे वारा लागत नाही तिथे खुर्च्या टाकून बसलो, फक्त समुद्र बघत, आणि सगळे एकत्र इतका वेळ कधी बसलो होतो ते आठवेना. बंदर झालं असतं तर दिवसभर पळापळ झाली असती हे नक्की.

सोमवार – कुशादासी

वारा होताच पण कमी, जहाज सकाळी व्यवस्थित लागलं. टाळ्या वाजल्या.

एफेसस हे प्राचीन शहर साधारण २० किलोमीटर. सेल्ससच्या लायब्ररीची दर्शनी भिंत, २५ हजार माणसं मावतील असं थिएटर, संगमरवरी रस्ते, ह्या सगळ्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, त्यावर वेळ घालवत नाही. मला जे मनात राहिलं ते वेगळंच. थिएटरसमोरून एक रुंद सरळ रस्ता जातो आणि शेवटी गवतात संपतो. तो बंदराचा रस्ता. एफेसस हे त्या काळचं फार मोठं बंदर होतं, नदीच्या गाळाने भरत गेलं, पुन्हा पुन्हा उपसलं, शेवटी समुद्र काही किलोमीटर मागे गेला आणि शहर उठलं. आदल्या दिवशी एक दिवसाचं बंदर हुकलं म्हणून हळहळणारे आम्ही तिथे उभे, जिथे बंदर कायमचं गेलं.

बाबांनी तिथे नालासोपाऱ्याचा विषय काढला. आपलं सोपारा, चौल, कल्याण ही पण तशीच जुनी बंदरं, आणि सोपाऱ्याची खाडीही अशीच गाळाने भरली. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवलीये, त्यात ह्या तिन्ही बंदरांची नावं आहेत. आणि त्यातच असं नोंदवलंय की त्यांच्याकडे जेव्हा उत्तरेचे हे उन्हाळी वारे वाहतात तेव्हा भारताच्या किनाऱ्यावर समुद्राकडून नैऋत्येचा वारा येतो. म्हणजे बाबा जे काल चहा पिता पिता सांगत होते ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या खलाशांना अनुभवाने माहीत होतं, दाबाचे पट्टे वगैरे माहीत नसताना! कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत, ती माणसं ह्याच वाऱ्यांच्या हिशोबाने आपल्याकडे आलेली. मला हे सगळं त्या गवतातल्या रस्त्यावर उभं राहून ऐकायला मिळालं, घरी पुस्तकात वाचून असं लागलं नसतं.

उन्हाचा मात्र कहर होता. पण तोच वारा, काल ज्याला शिव्या दिल्या, आज अंगावर आला की बरं वाटत होतं. टोपी आणि पाणी विसरू नका, सावली जवळपास नाहीच.

मंगळवार – रोड्स

काही अडचण नाही. धक्क्यापासून जुन्या शहराच्या तटबंदीपर्यंत आई-बाबा स्वतः चालत गेले. सरदारांचा रस्ता, ग्रँडमास्टरचा राजवाडा, मग गल्ल्यांमधून वाट फुटेल तसं. क्रूझवाल्यांसाठी रोड्सइतकं सोपं बंदर नाही, टूर घ्यायची गरजच नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, वाऱ्याचे दिवस असतील तर परत यायची वेळ जहाजावरून उतरताना पुन्हा बघून घ्या. आमची त्या दिवशी अर्ध्या तासाने अलीकडे आणली होती, रात्री छापून दिलेल्या कागदावर जुनीच होती, सकाळी घोषणेत आणि उतरायच्या दाराशी असलेल्या फळ्यावर नवीन.

बुधवार – हेराक्लिऑन

क्रीट बेट. क्नोसॉस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष, बंदरापासून पाचेक किलोमीटर, सिटी बस जाते. आर्थर इव्हान्स ह्या पुरातत्त्वज्ञाने १९०० पासून तिथे खोदकाम केलं आणि बरेचसे भाग काँक्रीट वापरून, रंग देऊन उभे केले, त्यामुळे मूळ कुठलं आणि त्याचं कुठलं हे विचारत विचारत बघावं लागतं. मला म्युझियम जास्त आवडलं, फाइस्टोसची मातीची तबकडी तिथे आहे, दोन्ही बाजूंना शिक्के मारल्यासारखी चिन्हं आणि आजतागायत सर्वमान्य वाचन नाही. लेक काचेला नाक लावून पंधरा मिनिटं उभी होती.

संध्याकाळी कॅप्टनने स्वतःहून सांगितलं की उद्या सँटोरिनीला प्रयत्न करणार पण अंदाज चांगला नाही. हे मला फार आवडलं. आधी सांगितलं की माणूस मनाची तयारी करतो. रात्री जेवताना बाबा नेहमीपेक्षा कमी बोलले. आईने विचारलं बरं वाटत नाहीये का, तर म्हणाले बरंय.

गुरुवार – सँटोरिनी (उतरणं रद्द)

मी साडेपाचलाच डेकवर गेले तर बाबा आधीच तिथे, स्वेटर घालून, कठड्याला धरून. आम्ही वायव्येकडून आत शिरत होतो, डावीकडे कड्यावरचं इया गाव, उजवीकडे थिरासिया बेट, मधून जहाज.

सँटोरिनीला मोठी जहाजं नांगर टाकत नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण आत पाणी जवळपास चारशे मीटर खोल आहे, इंजिन आणि थ्रस्टरवर जहाज जागेवर धरून ठेवतात. मग स्थानिक बोटी येतात, लोकांना जुन्या बंदरावर नेतात, तिथून वर फिरा ह्या मुख्य गावाला जायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या, नाहीतर खेचर. कडा दोनशे मीटरच्या वर. आम्ही बाबांसाठी वरती गाडी ठरवली होती, बाहेरूनच, पण अशा माणसाकडून ज्याने जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत असं लिहून दिलं होतं. बाहेरून बुक करणाऱ्यांनी ही एक ओळ लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

पहिली बोट आली. आम्ही वरून बघत होतो. जहाजाच्या पोटात खाली दार उघडतं तिथे बोट लागते, आणि ती बोट लाटेबरोबर मीटर-दीड मीटर वरखाली होत होती, दाराच्या पायरीशी एकदा पातळीत, एकदा खाली. रिकाम्या बोटीवर जहाजाची दोन माणसं उतरून बघणार होती, एकजण पाय टाकायच्या बेतात आणि बोट धाडकन खाली गेली, त्याला मागच्याने दंडाला धरून ओढलं. मी आईकडे बघितलं, आई पंचाहत्तरीची, गुडघा ऑपरेशन झालेला. त्या क्षणी माझ्या मनात उतरायची इच्छाच उरली नाही. अजून एकदा प्रयत्न झाला आणि मग घोषणा, आज कोणीही उतरणार नाही.

बाबा लगेच म्हणाले, "बरा केल्यान!" मालवणीतच. आणि ते मनापासून होतं.

पण कॅप्टनने एक केलं. लगेच बाहेर न पडता जहाज कॅल्डेराच्या आतून कड्यांच्या कडेकडेने सावकाश नेलं, आणि माईकवर सांगितलं की डावीकडचे लोक आणि उजवीकडचे लोक सगळ्यांना दिसेल असं फिरवतो. आणि तेवढ्या वेळात बाबांनी जे सांगितलं ते मी फोनवर रेकॉर्ड केलंय. कड्याचे थर दाखवत होते, काळा लाव्हा, लालसर राखेचा पट्टा, सगळ्यात वर पांढुरका प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड. तो वरचा थर साधारण ३६०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या उद्रेकाचा, त्यातच बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत आला, म्हणजे आपण आत्ता जिथे तरंगतोय त्यातल्या काही भागात पूर्वी जमीन होती. मधे काळं, ओसाड नेआ कामेनी, ते नंतरच्या उद्रेकांनी पाण्यातून वर आलेलं, शेवटचा उद्रेक १९५०. आणि हे संपलेलं नाही, २०२५ च्या सुरुवातीला सँटोरिनी आणि अमोर्गोसच्या मधे भूकंपांची मालिका सुरू होती तेव्हा हजारो लोक बेट सोडून गेले होते.

आमच्या आजूबाजूला हळूहळू घोळका झाला. बाबा मराठीत सांगतायत, भाऊ जर्मनमध्ये, लेक इंग्लिशमध्ये, आणि ती आलेपाकवाली आजी पण उभी. बाबा म्हणाले की वर गेलो असतो तर गर्दीत केबल कारच्या रांगेतच वेळ गेला असता, थर असे एका नजरेत पाण्यातूनच दिसतात. ते आमचं समाधान व्हावं म्हणून म्हणाले असं मला आधी वाटलं, पण नाही, ते खरंच आहे, कॅल्डेराचा आकार कळायला आत मधोमध असावं लागतं. अक्रोतिरी मात्र राहिलं ह्याची चुटपुट त्यांना आहे, राखेखाली गाडलेलं गाव, १९६७ पासून उत्खनन चालू, ते बेटावर उतरल्याशिवाय नाही.

डेकवर एक गृहस्थ मात्र मोठमोठ्याने म्हणत होते की ही कंपनीची पैसे वाचवायची युक्ती आहे. मला हे अजिबात पटत नाही. बंदर रद्द करून टूरचे पैसे परत द्यायचे, लोकांचा रोष घ्यायचा, इंधन जाळत जहाज फिरवायचं, ह्यात कोणाचा काय फायदा. ह्याच कॅल्डेरात ५ एप्रिल २००७ ला सी डायमंड हे क्रूझ जहाज खडकावर आदळून दुसऱ्या दिवशी बुडालं, दोन प्रवासी गेले. ते वाऱ्यामुळे नव्हतं, पण किनाऱ्याजवळ चूक करायला जागा किती कमी असते ते त्यावरून कळतं.

संध्याकाळी दुसरी घोषणा, उद्याचा दिवस खरं तर समुद्रात होता पण त्याऐवजी नाफप्लिओला जाणार. निम्म्या जहाजाने हे नाव ऐकलं नव्हतं, आम्हीही त्यातच. वायफाय घेतलेलं होतं म्हणून रात्री बसून वाचलं. असं काही होऊ शकतं म्हणून आसपासच्या बंदरांची माहिती आणि ऑफलाईन नकाशे घरूनच फोनमध्ये टाकून ठेवावेत, जहाजावरचं नेट महाग आणि हळू.

शुक्रवार – नाफप्लिओ

पेलोपोनीजच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या, आर्गोलिक आखातात आत शिरल्यावर पाणी एकदम शांत. तीन बाजूंना डोंगर, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा, म्हणून हे बंदर निवडलं. इथेही टेंडरच, पण बोट अशी स्थिर की आई हात न धरता चढली.

आणि समोर बंदराच्या तोंडाशी पाण्यात छोटासा किल्ला, बुर्झी. व्हेनिसवाल्यांनी १४७३ मध्ये बांधलेला. वर डोंगरावर पालामिदी, लोकांच्या तोंडी ९९९ पायऱ्या. बाबा एकदम खूश, जलदुर्ग आणि त्याच्या डोक्यावर डोंगरी किल्ला, खाली गाव, त्यांच्या ओळखीचाच देखावा. पायऱ्या भाऊ, नवरा आणि लेक चढले, आम्ही टॅक्सीने वर गेलो, वरपर्यंत रस्ता आहे. वरून पूर्ण आखात दिसतं, आपलं जहाज खेळण्याएवढं.

नाफप्लिओ ही स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी, १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला गेली. देशाचा पहिला प्रमुख कापोदिस्त्रियास ह्याची १८३१ मध्ये इथल्याच सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात हत्या झाली, दाराशेजारच्या भिंतीत गोळीची खूण काचेखाली जपून ठेवलीये. गल्ल्यांमध्ये बोगनवेल, संगमरवरी चौक, आणि मुख्य म्हणजे गर्दी नाही. चौकात बसून आईने आइस्क्रीम खाल्लं, वहिनीने पोस्टकार्डं लिहिली. भाऊ मायसीनी ह्या प्राचीन शहराचं सिंहद्वार बघून येऊ म्हणत होता, जवळच आहे, पण जहाज दुपारीच निघणार होतं म्हणून नाही गेलो. बदललेल्या बंदरात वेळ कमी मिळतो, तिथे लांब जायचा मोह टाळावा असं माझं मत.

नाशिकचे काका-काकू चौकातच भेटले, आल्यापासून पहिल्यांदा हसताना दिसले. म्हणाले, मिकोनोसपेक्षा हेच बरं असेल. असेलही, आम्ही कोणीच मिकोनोस बघितलेलं नाही.

शनिवार – परत पिरेयस

सकाळी केबिनच्या दारात हिशोबाचा कागद. सगळे परतावे तपासून घेतले, एक टूर परत जमा झालेली नव्हती ती रिसेप्शनवर दाखवल्यावर पाच मिनिटांत दुरुस्त झाली, त्यामुळे उतरायच्या आधीच बघा, घरी गेल्यावर ईमेल करत बसायला लागतं. इन्शुरन्समध्ये बंदर हुकलं तर काही रक्कम मिळायचं कलम काही पॉलिसींमध्ये असतं, घेताना विचारून घ्या, आमच्या पॉलिसीत नव्हतं. गाडीवाल्याने सँटोरिनीचे पैसे दुसऱ्याच दिवशी परत केले होते, वर मेसेज की तुमच्या वडिलांना अक्रोतिरी दाखवायला मी थांबलोय.

तो मेसेज बाबांना वाचून दाखवला. आता ठरतंय ते असं की पुढच्या वेळी क्रूझ नाही. पिरेयसहून सँटोरिनीला साधी फेरी जाते, मोठी बोट आठेक तास घेते, वेगवान पाचेक. वादळी वारा असला की फेऱ्याही बंद ठेवतात, म्हणून मे महिना, मेल्टेमीचा जोर नसताना, आणि बेटावर दोन-तीन रात्री मुक्काम, म्हणजे एखादा दिवस वाऱ्यात गेला तरी अक्रोतिरी हुकणार नाही. बाबांनी शेंगेनच्या अपॉइंटमेंटबद्दल आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीये.